मदत हवी आहे: ऑन्टारिओची निवडणूक, माझं पहिलंच मत, कुणाला द्यायचं ते कसं ठरवू?

नमस्कार मंडळी,

ब्रॅम्प्टनला राहते. गेल्या वर्षी सिटिझनशिप झाली त्यामुळे येत्या २७ फेब्रुवारी २०२५ ची ऑन्टारिओची निवडणूक ही माझी इथली पहिलीच. मत द्यायचंय हे नक्की, थंडी असो बर्फ असो, पण कुणाला ते काही केल्या ठरत नाहीये आणि घरात रोज जेवताना यावरून वाद होतोय. इथे बरेच जण वीस-पंचवीस वर्षांपासून कॅनडात आहेत म्हणून विचारतेय.

मला आत्तापर्यंत जेवढं कळलंय ते आधी लिहिते. निवडणूक खरं तर जून २०२६ ला होती. प्रीमियर डग फोर्डनी ती सव्वा वर्ष आधीच लावली, कारण सांगितलं ट्रम्पच्या २५ टक्के टॅरिफचं, की अमेरिकेशी लढायचं तर मला लोकांचा ताजा कौल पाहिजे. पण २०२२ ला १२४ पैकी ८३ जागा त्यांच्याच आल्या होत्या ना, मग बहुमत नव्हतं का? आणि टॅरिफचं उत्तर द्यायचं काम ओटावाचं (म्हणजे केंद्र सरकारचं), तिथे पंतप्रधान ट्रूडोंनी राजीनामा जाहीर केलाय आणि लिबरल्सचा नवा नेता मार्चमध्ये ठरणार, म्हणजे दोन्हीकडे एकदमच धामधूम. माझा नवरा म्हणतो ट्रम्पसमोर उभं राहायला फोर्डसारखाच माणूस पाहिजे, तो निदान अमेरिकन चॅनलवर जाऊन तोंडावर बोलतो. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही, तो ऑटो पार्ट्समध्ये आहे आणि टॅरिफ लागले तर पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडणार.

पण माझ्या डोक्यात टॅरिफपेक्षा डॉक्टर आहे. आमचे फॅमिली डॉक्टर रिटायर झाले आणि त्यांची जागा घ्यायला कुणी आलंच नाही. हेल्थ केअर कनेक्टच्या (डॉक्टर मिळवून देणारी सरकारी सेवा) यादीत नाव घातलंय, तिकडून काही हालचाल नाही. मुलाला दमा आहे. त्याला बरं नसलं की सकाळी वॉक-इन क्लिनिक उघडायच्या आधी दारात लाइन लावायची, त्याचा पंप आणि जुन्या प्रिस्क्रिप्शनची फाइल पिशवीत, आत गेलं की दर वेळी नवीन डॉक्टर आणि दर वेळी जन्मापासूनची हिस्टरी पुन्हा सांगायची, की हा पंप चालतो, तो चालत नाही, मागच्या हिवाळ्यात इमर्जन्सीला न्यावं लागलं होतं. त्या डॉक्टरांचाही दोष नाही, बाहेर अजून वीस माणसं बसलेली असतात. ऑन्टारिओत २५ लाख लोकांना फॅमिली डॉक्टर नाही म्हणे. हे तर पूर्णपणे प्रांताचं काम आहे ना? मग या निवडणुकीत सगळ्यात मोठा विषय हाच का नाही?

दुसरं म्हणजे भाडं. यंदा, म्हणजे २०२५ साठी, सरकारने भाडेवाढीची मर्यादा २.५ टक्के ठरवलीय, पण १५ नोव्हेंबर २०१८ नंतर जी घरं पहिल्यांदा राहती झाली त्यांना ती लागूच होत नाही आणि आमची बिल्डिंग नेमकी त्यानंतरची. ९० दिवस आधी नोटीस दिली की मालक वर्षातून एकदा हवं तेवढं वाढवू शकतो. आमचे मालक वाईट नाहीत, त्यांचाही मॉर्गेजचा हप्ता वाढलाय, पण या वेळी जी वाढ आली तिने आमचं बजेट पार कोलमडलं. ही सूट २०१८ ला फोर्ड सरकारनेच आणली, म्हणजे नवीन बांधकाम वाढेल म्हणून. वाढलं का खरंच? कुणी यातलं जाणकार असेल तर सांगा.

आणि तो दोनशे डॉलरचा चेक. आम्हा दोघांना आला, मुलाच्या नावाचेही दोनशे आले. साताऱ्यात माझ्या वहिनीला लाडकी बहीणचे दीड हजार येतात, ती म्हणते ज्याने दिलं त्याला विसरायचं नाही. मला तिचं पटतं पण आणि नाही पण. हे पैसे कुणी घरचे दिलेत का, आपल्याच टॅक्सचे ना, तेच सगळे मिळून डॉक्टरांवर घातले असते तर?

पार्ट्यांचं म्हणाल तर निळे पीसी (प्रोग्रेसिव्ह कन्झर्वेटिव्ह) म्हणजे फोर्ड, नारिंगी एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) म्हणजे मॅरिट स्टाइल्स, लाल लिबरल म्हणजे बॉनी क्रॉम्बी (मिसिसागाच्या आधीच्या मेयर) आणि ग्रीनचे माइक श्राइनर. डॉक्टर देतो असं चौघंही म्हणतायत. लिबरल म्हणतात चार वर्षांत प्रत्येकाला, फोर्ड म्हणतात १८० कोटी डॉलर घालून आणखी २० लाख लोकांना, एनडीपी म्हणते साडेतीन हजार डॉक्टर आणू. सगळ्यांचे आकडे मोठे, विश्वास कशावर ठेवायचा?

आणि शेवटची अडचण, जी मला सगळ्यात जास्त छळतेय. २०२२ ला पीसींना मतं ४१ टक्क्यांच्या आसपास आणि जागा दोन तृतीयांश. एनडीपी आणि लिबरल दोघांना जवळजवळ सारखीच मतं, साधारण २४-२४ टक्के, पण एनडीपीला ३१ जागा आणि लिबरलला फक्त ८. आपल्याकडे निदान युती-आघाडी करून जागा वाटून घेतात, इथे तसं काहीच दिसत नाही, सगळीकडे सगळे उभे. मग मी मनापासून आवडलेल्या पक्षाला दिलं आणि तो माझ्या रायडिंगमध्ये (मतदारसंघात) तिसरा आला तर माझ्या मताचं काय झालं? तुम्ही लोक काय बघून ठरवता, नेता, पक्ष का उमेदवार? कृपया भांडू नका, खरंच मदत हवी आहे.

मिसिसागाकर

अभिनंदन पहिल्या मतदानाबद्दल! आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण आपल्या मंडळींमध्ये यावर फार गोंधळ असतो. ट्रूडो आवडत नाहीत म्हणून क्रॉम्बींना मत नाही, किंवा ओटावातले कन्झर्वेटिव्ह नेते पॉलिएव्ह आवडतात म्हणून फोर्डना, असं करू नका. ऑन्टारिओ लिबरल आणि फेडरल लिबरल या दोन वेगळ्या संस्था आहेत, मेंबरशिप वेगळी, पैसा वेगळा. पीसी आणि ओटावाचे कन्झर्वेटिव्ह पण वेगळे. एनडीपीचं मात्र तसं नाही, तिथे प्रांताचा मेंबर झालात की आपोआप फेडरलचा होता. इमिग्रेशन, पीआर, परदेशी विद्यार्थ्यांवरची मर्यादा या सगळ्याचा राग या निवडणुकीत काढून काही उपयोग नाही, ती ओटावाची खाती. हॉस्पिटल, शाळा, भाडं, हायवे, मिनिमम वेज हे प्रांताचं.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. इलेक्शन्स ऑन्टारिओच्या साइटवर जाऊन आपल्या रायडिंगचे २०१८ आणि २०२२ चे निकाल शेजारी शेजारी ठेवून बघा. ब्रॅम्प्टनला पाच जागा आहेत, २०१८ ला त्यातल्या तीन एनडीपीच्या होत्या, २०२२ ला पाचही पीसींकडे गेल्या. म्हणजे तुमच्या गावात वारं फिरतं, मिसिसागासारखं नाही, इथे दोन्ही वेळा सहाच्या सहा पीसी. जिथे वारं फिरतं तिथे मत वाया जात नाही. दुसऱ्या नंबरवर कोण होतं आणि किती मतांनी हरलं हे बघितलंत की चित्र बरंच स्पष्ट होईल.

मेपल_आणि_मोगरा

मी पीसीला मत देणार आहे आणि का ते सांगतो, बाकी तुमची मर्जी. माझे ट्रक आहेत. ४०१ हायवेवर रोज किती तास जातात हे जो गाडी चालवतो त्यालाच कळतं. ४१३ हायवे, मिल्टनजवळून वॉनपर्यंत ५२ किलोमीटर, ब्रॅम्प्टनच्या डोक्यावरून जाणार, तो करतो म्हणणारा एकच माणूस आहे, एनडीपी आणि ग्रीन त्याच्या विरोधात आहेत. गाडीच्या स्टिकरची फी २०२२ ला काढली, पेट्रोलवरचा टॅक्स कमी केला. आणि टॅरिफ फक्त ओटावाचा विषय आहे हे बरोबर नाही. एलसीबीओच्या (प्रांत सरकारची दारूची दुकानं) शेल्फवरून अमेरिकन दारू काढायची का, सरकारी कॉन्ट्रॅक्ट अमेरिकन कंपन्यांना द्यायचं का हे प्रीमियर ठरवतो. ब्रॅम्प्टनची गाड्यांची फॅक्टरी मागच्या वर्षीपासून नव्या मॉडेलच्या तयारीसाठी बंद आहे, ती परत सुरू होणं न होणं यावर किती घरं अवलंबून आहेत ते तुमच्या मिस्टरांना विचारा.

ग्रीनबेल्टचं (टोरोंटोभोवतीच्या राखीव हरित पट्ट्याचं) जे झालं ते चुकीचंच होतं, ते मी झाकत नाही. पण माफी मागून जमीन परत ग्रीनबेल्टमध्ये घातली.

हॅमिल्टनची_नर्स

दादा, परत घातली ती आधी ऑडिटर जनरलचा रिपोर्ट आला म्हणून. ७,४०० एकर जमीन काढली होती आणि मालकांच्या जमिनीची किंमत ८३० कोटी डॉलरने वाढली असती असं त्या रिपोर्टमध्ये आहे, आरसीएमपीची (केंद्रीय पोलिसांची) चौकशी अजून चालू आहे. पण धागा त्यासाठी नाही म्हणून पुढचं बोलत नाही.

ताई, तुम्ही डॉक्टरचं विचारलंत म्हणून लिहितेय. मी हॉस्पिटलमध्ये काम करते. २०१९ मध्ये या सरकारने बिल १२४ आणलं, त्यात आमची पगारवाढ वर्षाला १ टक्का, तीन वर्षं. मध्येच कोविड आला. आम्ही डबल शिफ्ट करत होतो, महागाई कुठल्या कुठे गेली आणि आम्हाला १ टक्का. माझ्या युनिटमधल्या किती जणी सोडून एजन्सीत गेल्या, एजन्सीतून त्याच बाया त्याच वॉर्डात जास्त पैशावर परत यायच्या आणि ते पैसे हॉस्पिटलच देत होतं. २०२२ ला कोर्टाने ते बिल घटनाबाह्य ठरवलं, सरकार अपिलात गेलं, फेब्रुवारी २०२४ ला तिथेही हरलं. आजही इमर्जन्सीत पेशंट कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर रात्र काढतात, मी रोज बघते, ड्रिप लावायला भिंतीला टेकून उभं राहावं लागतं इतकीच जागा असते. म्हणून नवीन वचनं ऐकताना एवढंच बघा की डॉक्टर आणणार म्हणताय तर त्याच्याबरोबर नर्स, क्लिनिकचा स्टाफ, त्यांचे पगार याबद्दल काही बोलताय का. एकटा डॉक्टर आणून होत नाही. टीम लागते. जेन फिलपॉट यांना सरकारने याच कामासाठी नेमलंय आणि त्या बाई स्वतः फॅमिली डॉक्टर आहेत, माजी फेडरल आरोग्यमंत्री, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण सहा वर्षं सत्तेत राहून मग नेमलं हेही खरं.

मी एनडीपीला देणार. भाड्याचं म्हणाल तर २०१८ ची ती सूट काढून सगळ्या घरांना मर्यादा लावू असं तेही स्पष्ट म्हणतात, ग्रीनही म्हणतात.

जुनाजाणता

प्रॅक्टिकल माहिती देतो, राजकारण तुम्ही बघा. व्होटर इन्फर्मेशन कार्ड पोस्टाने येईल, नाही आलं तरी अडत नाही. नाव आणि राहता पत्ता असलेलं काहीतरी न्या, ड्रायव्हर लायसन्स पुरतं. २७ ला गुरुवार आहे, सकाळी ९ ते रात्री ९. ऑफिसवाल्यांनी त्या वेळात सलग तीन तास मोकळे द्यावेच लागतात, तसा कायदा आहे, लाजू नका, मागा. ॲडव्हान्स व्होटिंग २०, २१, २२ फेब्रुवारीला आहे, मी तर दर वेळी तेव्हाच जातो, हवामानाचा भरवसा नसतो. पोस्टाने मत द्यायचं असेल तर अर्ज २१ तारखेला संध्याकाळी ६ च्या आत पोचला पाहिजे. १७ ला फॅमिली डेच्या संध्याकाळी चारही नेत्यांची डिबेट आहे ती मात्र मिस्टरांबरोबर बसून बघा.

आणि कुणीच पटलं नाही तर घरी बसू नका. इथे मतपत्रिका घेऊन तिथल्या अधिकाऱ्याला परत देता येते, मी नाकारतोय असं सांगून, आणि त्याची वेगळी नोंद होते. २०२२ ला मतदान ४४ टक्क्यांच्या आसपास झालं, अर्ध्याहून कमी. आपल्याकडे महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेला ६६ टक्के झालं. एवढी धडपड करून नागरिकत्व घ्यायचं आणि मत द्यायचं नाही हे मला अजिबात पटत नाही.

(धागाकर्ती)

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. नर्सताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्यालाही वाचून दाखवला, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला टीमचा मुद्दा बरोबर आहे. मेपल, तुमचा एलसीबीओचा आणि कॉन्ट्रॅक्टचा मुद्दा मला माहीतच नव्हता, त्यामुळे टॅरिफचा विषय मी आता बाजूला टाकत नाही. पण एकदा गादीवर बसवलं की चार वर्षं, आणि चार वर्षांत माझा मुलगा हायस्कूलच्या दाराशी पोचेल. तोपर्यंत त्याला एकच डॉक्टर ओळखत असावा एवढी माझी मागणी आहे, ती मी सोडणार नाही.

मिसिसागाकर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे निकाल बघितले. आमच्या रायडिंगमध्ये दुसऱ्या नंबरवर कोण आहे ते कळलं, तरी दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये फार फरक नाहीये त्यामुळे कोडं पूर्ण सुटलं नाही. आता असं ठरवलंय की दारावर जो जो उमेदवार किंवा कार्यकर्ता येईल त्याला दोनच प्रश्न विचारायचे, आमच्या पिन कोडमध्ये नवीन क्लिनिक कधी आणि २०१८ नंतरच्या घरांच्या भाड्याचं काय. ज्याला उत्तर माहीत नसेल त्याने विचारून परत यावं. कालच एक मुलगी आली होती, बर्फात बूट भिजलेले, कॉलेजची असावी, तिने दुसरा प्रश्न वहीत लिहून घेतला आणि फोन नंबर घेऊन गेली, बघू फोन येतो का.

अजून एक विचारायचंय. ब्रॅम्प्टनमध्ये सगळ्या उमेदवारांना एकत्र बसवून प्रश्न विचारायची सभा कुठे होणार आहे का, लायब्ररीत, शाळेत, मंडळाच्या हॉलमध्ये? आणि नसेल तर आपण मराठी लोकांनी मिळून चारही जणांना बोलवता येईल का? हॉल बघायची माझी तयारी आहे. कुणी बरोबर येत असेल तर प्लीज इथेच लिहा, ॲडव्हान्स व्होटिंगच्या आत करायला हवं.