फ्युएल इंजेक्शनची बाईक काळा धूर सोडतेय, प्लग काळा पडतोय. मदत हवी आहे

रानवारा: गाडी पेट्रोल फार पितेय. सायलेन्सरमागे उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. प्लग बदलला, २०० किलोमीटरमध्ये पुन्हा काजळी. ऑक्सिजन सेन्सरही नवा टाकला, काडीचा फरक नाही. एअर फिल्टर साफ आहे, तेव्हा फिल्टर सांगू नका. रोज कामावर हिच्यावरच जातो, लवकर सांगा.

पान्हा१२: किती सिलिंडर, किती चाललीय, इंजिनाचा दिवा पेटतो का, त्रास थंड असताना की गरम झाल्यावर? यातलं काहीच कळलं नाही तर आम्ही नुसते अंदाजच करत बसणार.

रानवारा: एक सिलिंडर, कूलंटवाली, ४०,००० झालेत. दिवा नाही. सकाळी पटकन सुरू होते, पण गरम झाली की स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर, धडधडते आणि बंद पडते.

जुनं_खोड: म्हणूनच मी कार्ब्युरेटर सोडला नाही. स्क्रू अर्धा फेरा फिरवला की काम झालं. तुमच्याही गाडीत मिक्श्चरचा स्क्रू असेल, तो बघा.

पान्हा१२: काका, इथे पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या भागावर) स्क्रू असलाच तर तो स्लोच्या हवेचा असतो. रानवारा, त्याला हात लावू नका.

वेगवेडा: ईसीयू रीमॅप करून घे, म्हणजे त्यातला पेट्रोलचा प्रोग्रॅम बदलून घे. माझ्या गाडीचा पिकअपच बदलला.

धूरशोधक: अहो, परवापर्यंत नीट चालणाऱ्या गाडीचा मॅप आपोआप बिघडत नाही. बिघाड तसाच ठेवून रीमॅप केलं तर दोन दुखणी होतील. आणि ऑक्सिजन सेन्सर आधी का बदलला? तो धुरातल्या ऑक्सिजनवरून पेट्रोल जास्त की कमी याची फक्त खबर देतो. गरम इंजिनावर तो साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली व्हायला हवा. ०.८ च्या वरच अडकून राहिला तर तो खरंच सांगतोय, पेट्रोल जास्त आहे. आधी कूलंटच्या तापमानाचा सेन्सर मोजा. २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशांना ३०० च्या आसपास. गरम इंजिनावरही हजारांत दाखवत असेल तर ईसीयूला इंजिन गारठलेलं वाटतं आणि तो पेट्रोल वाढवत राहतो.

सायंफेरी: मायलेजसाठी टायरमधली हवा दर आठवड्याला बघायची, चेन कोरडी ठेवायची नाही.

रानवारा: काळ्या धुराचा टायरशी काय संबंध? धूरशोधक, मोजला. थंड २,३००, गरम ३२०. आता इंजेक्टर मागवू का?

धूरशोधक: थांबा, काही मागवू नका. हे नक्की कधीपासून सुरू झालं?

रानवारा: फिल्टर साफ केला त्या आठवड्यापासून. एअरबॉक्स उतरवला होता, थ्रॉटल बॉडीही पुसून घेतली. फिल्टर साफ आहे हे वर लिहिलंय ना.

धूरशोधक: हेच आधी सांगायला हवं होतं! थ्रॉटल बॉडीकडून मॅप सेन्सरला (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर, रीमॅपशी संबंध नाही) एक बारीक रबरी नळी जाते का बघा. स्लोला थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, त्यामुळे आत दाब कमी हवा. नळीतून बाहेरची हवा शिरली की सेन्सरला दाब जास्त दिसतो, ईसीयूला वाटतं इंजिनावर भार आहे, आणि तो पेट्रोल ओततो. आकडा मर्यादेत असल्यामुळे दिवाही पेटत नाही. स्कॅनर असेल तर इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून आकडा बघा, समुद्रसपाटीला १०० किलोपास्कलच्या आसपास येईल. मग स्लोला बघा, तो बराच खाली यायला हवा.

वेगवेडा: नळीने एवढा फरक पडतो?

पान्हा१२: पडतो. मी याच नळीपायी चांगला पेट्रोल पंप बदलून बसलोय.

रानवारा: सापडलं! मित्राचा स्कॅनर लावला, स्लोला ७८. नळी वरून अखंड दिसते, पण निपलवर चढते तिथे खालच्या अंगाला नखाएवढी चीर आहे, वाकवली की तोंड उघडतं. एअरबॉक्स काढताना मीच ओढली असणार. चिरलेलं टोक कापून पुन्हा बसवली, आकडा ४१ वर आला. धूर गेला, स्लो बसला. धूरशोधक, मनापासून आभार.

धूरशोधक: छान. तरी नळी नवीन टाका, एकदा चिरलेलं रबर पुन्हा चिरतं. आणि ऑइलची पट्टी काढून वास घ्या.

रानवारा: पेट्रोलचा वास येतोय, आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर.

धूरशोधक: मग न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरलंय. ऑइल पातळ झालं की बेअरिंग खातं. उद्या कामावर जायच्या आधी ऑइल आणि त्याचा फिल्टर बदला.