'कल्गोरी'ला मराठीत काय म्हणाल?

टिळकवाडीची सून
अडलंय. गोकाकजवळ कोन्नूरला लोहयुगातली दगडी बांधकामं आहेत, त्यांच्यावरचा एक कानडी लेख गल्लीच्या दिवाळी अंकासाठी मराठीत करतेय. मूळ शब्द 'कल्गोरी'. कल्लु म्हणजे दगड, गोरी म्हणजे कबर. तीन अक्षरांत काम उरकलं. मी 'शिलासमाधी' लिहिलं, संपादकांनी खोडलं: समाधी साधुसंतांची असते. 'थडगं' लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते मुसलमान-ख्रिस्तावांचं." आणि पुढच्याच ओळीत 'दिब्ब' आहे, म्हणजे दफनावर रचलेला मातीचा ढीग. त्याला टेकाड म्हणू का? अंक परवा छापायला जातोय.

निपाणीचा पाव्हणा
थडगंच लिहा. शब्दाला कुठली आलीय जात? आणि माझा जुना अंदाज सांगतो: थडी म्हणजे नदीचा काठ. थडीला पुरायचे म्हणून थडगं. कोन्नूर घटप्रभेकाठी आहे, बसलं की नाही बरोबर?

खापरखुंटी
अंदाज झकास, पुरावा शून्य. असं असतं तर माळावरच्या थडग्याला माळगं म्हणाले असते.

शुद्धलेखक
पुरातत्त्वाच्या मराठीत 'महापाषाण', 'बृहदश्म' असे नेमके शब्द आहेत. 'महाश्म-शवकक्ष' लिहा. परकी उसनवारी कशाला? 'गोरी' तर कानडीसुद्धा नाही, फारसी 'गोर'वरून आलाय.

घटप्रभाकाठ
सोडा की वो! शवकक्ष म्हटलं तर आमच्याकडं शवागारच समजतील, सिव्हिल हॉस्पिटलमधलं. माझा मामा गोकाकच्या धबधब्याजवळच्या गिरणीत कामाला होता. सुट्टीत गेलो की कोन्नूरच्या माळावर जायचो. तीन-चार उभ्या फरश्या, वर एक जाड आडवी. मामी म्हणायची, "पांडवांची घरं ती, आत शिरू नका." शिरायचोच. एकदा आतून शेळीचं करडू बाहेर आलं, थेट माझ्या अंगावर, आणि मी हातातल्या करदंट मिठाईच्या पुड्यासकट ओढ्यात. तर माझं मत 'दगडाचं घर'.

खापरखुंटी
शुद्धलेखक, शवकक्षात अडचण वेगळीच आहे: पुष्कळ ठिकाणी शव नसतंच. देह आधी दुसरीकडे ठेवायचा, मग निवडक हाडं आणून आत मांडायची, सोबत लोखंडी हत्यारं आणि ती काळी-तांबडी भांडी, आतून नि काठाला काळी, बाहेरून तांबडी. काही कक्षांत तर हाडाचा तुकडाही मिळत नाही. अ. सुंदर यांनी उत्तर कर्नाटकातल्या या कक्षांवर १९७५ साली अख्खं इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्यांनीही 'कक्ष' आणि 'थडगं' असेच साधे शब्द जोडले. अशा फरशांच्या कक्षाला युरोपात 'डॉल्मेन' म्हणतात, तेही काय, फ्रान्सकडच्या ब्रेटन भाषेतले 'टेबल' आणि 'दगड'. नुसत्या उभ्या दगडाला 'मेनहिर', म्हणजे 'लांब दगड'. त्यांनी रोजचे शब्द घेतले आणि आपण अश्म-पाषाण घासत बसायचं.

शुद्धलेखक
मग 'दगडी टेबल' लिहा. दिवाळी अंकात शोभेल.

निपाणीचा पाव्हणा
वीरगळ चालेल का? तोही आमच्या भागात पावलापावलाला आहे.

खापरखुंटी
अहो, वीरगळ लढाईत पडलेल्याचा, त्यावर कोरीव चित्रं असतात, आणि तो हजार-दीड हजार वर्षं नंतरचा. मात्र त्यातला 'गळ' हा कानडी 'कल्लु'च आहे, आणि आपण तो मराठी म्हणून बिनतक्रार वापरतो. तसंच 'कल्गोरी'ही वापरू.

शुद्धलेखक
उद्या 'नमस्कार' सोडून 'नमस्कारा' म्हणा.

घटप्रभाकाठ
मग अण्णा, अक्का, तूप हेही कानडीला परत देऊन टाका. भाकरीवर काय, घृत वाढणार?

नागपूरची
आमच्या नागपूरजवळच्या जुनापाणीला 'शिळावर्तुळ' रूढ आहे. सुमारे तीनशे वर्तुळं, रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८७९ साली त्यांच्याबद्दल लिहिलं. कडेला गोटे, मध्ये मातीचा भराव, म्हणजे ताईंचा 'दिब्ब'च. पण फरशांच्या पेटीला वर्तुळ कसं म्हणणार?

संकेश्वरचा मोरे
सगळे एक विसरताय. कोप्पळच्या हिरेबेणकलला अशी चारशेच्या वर बांधकामं आहेत, जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२१ साली आली. त्या डोंगराला लोक 'मोर्यर गुड्ड' म्हणतात, मोऱ्यांचा डोंगर! आमचे पूर्वज.

खापरखुंटी
तिथली गोष्ट अशी की हे मोर्य वीतभर उंचीचे बुटके लोक होते, म्हणून घरं एवढी ठेंगणी. तुमची उंची किती?

संकेश्वरचा मोरे
पाच फूट अकरा. मोर्यर म्हणजे मौर्य. अशोकाचे लेख कोप्पळलाच आहेत, गविमठ आणि पाल्कीगुंडूला.

खापरखुंटी
लेख आहेत, मान्य. पण ही दफनं साधारण इ.स.पू. ८०० पासूनची. अशोक इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. लोकांनी नाव मागाहून चिकटवलेलं दिसतं, पांडवांसारखंच.

संकेश्वरचा मोरे
चिकटवलं तर चिकटवलं. आडनाव चिकटलंय ते चिकटलंय.

टिळकवाडीची सून
अहो, माझा दिब्ब?

घटप्रभाकाठ
टेकाड लिहू नका ताई. आमच्या मळ्याच्या कडेला 'पांढरीचं टेकाड' आहे. नांगर लागला की पांढरी माती नि खापरं वर येतात. ती जुनी वस्ती, तिथं लोक राहायचे. वाचकाला तेच आठवणार. पुरलेल्यांच्या ढिगाला वेगळं काहीतरी हवं.

नागपूरची
ढिगारा?

शुद्धलेखक
ढिगारा कचऱ्याचा. 'मृत्तिकास्तूप'.

निपाणीचा पाव्हणा
स्तूप म्हटलं की बौद्ध येणार, मग पुन्हा अशोक येणार, मग मोरेसाहेब येणार.

टिळकवाडीची सून
मजकूर आज दिला. 'कल्गोरी' ठेवलाय, पहिल्या वेळी "दगडी फरशांचं थडगं" असा खुलासा केलाय. सासूबाई अजून घुश्शात आहेत. दिब्बाच्या जागी 'मातीचा उंचवटा' घातला, पण वाचताना बेचव लागतंय.

संकेश्वरचा मोरे
मोर्यर गुड्डाचा उल्लेख आला का त्यात?