६४ कोअर घ्या म्हणणाऱ्यांनी आधी काम मोजावं

ताणाबाणा
सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या एका डिझाईन ऑफिसला या फोरमवर काल सल्ला मिळाला: "बजेट असेल तर थेट ६४ कोअरचा थ्रेडरिपर घ्या, दहा वर्षं बघायला नको." थ्रेडरिपर म्हणजे एएमडीचा वर्कस्टेशनचा प्रोसेसर, त्याचं ६४ कोअरचं मॉडेल ७९८०एक्स; कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. हा सल्ला अजिबात पटला नाही.

जकार्डच्या (विणीतच नक्षी काढणाऱ्या मागाच्या) डिझाईनवर ब्रश फिरवणं, ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग काढणं, हे काम मुख्यतः एका कोअरवर चालतं. ७९८०एक्सचा एक कोअर ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, साध्या डेस्कटॉपच्या १६ कोअरवाल्या रायझन ७९५०एक्सचा ५.७ पर्यंत. म्हणजे कितीतरी जास्त पैसे ओतून रोजचं काम उलट हळू.

बरं, काम सगळ्या कोअरमध्ये वाटलं जातंय असं धरू. त्यातला दहावा हिस्सा जरी एकामागोमाग एक होणारा असला, तर १६ कोअरवर वेग ६.४ पट, ३२ वर ७.८ आणि ६४ वर ८.८. संगणकतज्ज्ञ जीन आम्दालने १९६७ मध्येच हे मांडलंय. कोअर चौपट केले आणि ६.४ चं ८.८ झालं.

शिवाय मेमरी. ७९५०एक्सला मेमरीकडे जाणारे दोन रस्ते (चॅनल), डीडीआर५-५२०० रॅमवर सेकंदाला ८३.२ जीबी, म्हणजे कोअरमागे ५.२. ७९८०एक्सला चार चॅनल आहेत, पण खाणारी तोंडं ६४. कोअरमागे २.६. मोठा डेटा सतत मेमरीतून ओढणाऱ्या कामात अर्धे कोअर वाट बघत बसतात.

त्रिमिती
सगळं सोलापूर जकार्ड काढत नाही, मालक. सायकल्स किंवा व्ही-रे या सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूवर (प्रोसेसरवर) रेंडर लावा, म्हणजे त्रिमितीय दृश्याचं चित्र तयार करायला लावा. चित्राचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र असतो, तुमचा तो दहावा हिस्सा तिथे सापडणारच नाही. मोठा सी++ प्रोजेक्ट कंपाइल करतानाही (कोड मशीनच्या भाषेत बदलतानाही) तेच, शेवटी तुकडे जोडणारं लिंकिंग सोडलं तर.

मेमरीचं गणितही अर्धंच सांगितलंत. ७९५०एक्सवर रॅमचे चारही स्लॉट भरले की तिचा अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० वर येतो, ते का गाळलं? दोन ग्राफिक्स कार्डं लावली की तिथे कार्डाचा डेटा नेणाऱ्या सोळा लेन आठ-आठ वाटून घ्याव्या लागतात. थ्रेडरिपरवर दोन्ही कार्डांना पूर्ण सोळा मिळतात. नुसत्या कोअरसाठी कोणी तो बोर्ड घेत नाही.

ताणाबाणा
लेन आणि रॅमचा मुद्दा मान्य. पण मग त्यासाठी त्याच बोर्डावर २४ कोअरचा ७९६०एक्स बसतो. ६४ कशाला? आणि कंपाइलचं म्हणाल तर सी++ ला दर थ्रेडमागे साधारण २ जीबी रॅम धरावी लागते, आणि एक कोअर दोन थ्रेड चालवतो. १२८ थ्रेड सोडले तर २५६ जीबी. ६४ जीबी टाकून मशीन बसवलं की रॅम पुरत नाही म्हणून ते डिस्कवर स्वॅप करत बसतं आणि १६ कोअरवाल्याच्या मागे पडतं.

होटगी रोड
दोघंही एसीत बसून बोलताय. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ ला जातो, त्याचं काय? प्रोसेसरवरचा कूलर त्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७५ ला स्थिर राहतो, तो ४२ च्या खोलीत ९२ ला जाणार. ७९५०एक्सची मर्यादा ९५. तिथे पोचला की तो स्वतःच क्लॉक (गिगाहर्ट्झमधला वेग) उतरवतो. ५.७ चा आकडा मग पुठ्ठ्याच्या खोक्यावरच राहतो.

७९८०एक्स ३५० वॉटचा, त्यावर ४५० वॉटचं ग्राफिक्स कार्ड, बाकी शंभर. पॉवर सप्लायचा तोटा धरून भिंतीतून हजार वॉट. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता काढतो, त्यातला चतुर्थांशाहून जास्त हे एकटं मशीन खाणार.

जुळणीवाला
एसीचं राहू द्या, यूपीएसचं बोला! लाखोंचं मशीन आणि खाली ६०० व्हीएचा डबा. तो जेमतेम ३६० वॉट देतो. रेंडर चालू असताना लाइट गेली की यूपीएस ओव्हरलोडने तिथेच बंद, फाइल गेली. हजार वॉटला किमान २ केव्हीए, आणि शुद्ध साइन वेव्हचाच. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेले) सप्लाय स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर कधीकधी बंद पडतात. गिऱ्हाईक म्हणतं प्रोसेसर खराब!

आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागांच्या शेजारी मशीन ठेवणाऱ्यांनी सुताच्या तंतूंचं बघावं. रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये ते नमद्यासारखे बसतात. बाहेरून पंखा स्वच्छ दिसतो, पंखा खोलल्याशिवाय कळत नाही. आत हवा घेणाऱ्या प्रत्येक जागी जाळी लावा, ती आठवड्याला झटका. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं.

त्रिमिती
धागा प्रोसेसरचा आहे की झाडूचा? प्रत्येक चर्चेत यूपीएस घुसतोच.

जुळणीवाला
घुसणारच. मशीन बंद पडलं की फोन आम्हाला येतो. ३५० वॉटचा सल्ला देणाऱ्याने वायरिंगचाही द्यावा.

होटगी रोड
बरोबर. आणि ज्यांनी आधीच ७९५०एक्स घेतलाय त्यांनी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) १०५ वॉटचा इको मोड लावा. सॉकेटची मर्यादा २३० वॉटवरून १४२ वर येते. वीज ३८ टक्के कमी, वेग त्या मानाने फारच थोडा घटतो, कारण शेवटच्या काही मेगाहर्ट्झसाठीच व्होल्टेज सगळ्यात जास्त चढवावं लागतं. उन्हाळ्यात याहून चांगला उपाय नाही, तोही फुकटचा.

त्रिमिती
इको मोड थ्रेडरिपरच्याच बाजूने जातो, हे लक्षात आलं का? जास्त कोअर, कमी क्लॉक, त्याच विजेत जास्त काम. सगळे कोअर भरणाऱ्या रेंडरला ६४ कोअर प्रत्येक वॉटमागे १६ पेक्षा पुढे राहतात.

ताणाबाणा
सगळे कोअर भरत असतील तर राहतात, हे मानावंच लागेल. माझं भांडण त्या "तर"शी आहे. ते तपासायला पैसे लागत नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर (म्हणजे थ्रेड) वेगवेगळे दाखवा. एकूण टक्का बघू नका. ३२ थ्रेडच्या मशीनवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा ३ टक्के दिसतो आणि माणूस समजतो प्रोसेसर रिकामा आहे.

मग डिटेल्समध्ये जाऊन त्या प्रोग्रॅमची अ‍ॅफिनिटी (तो कोणत्या कोअरवर चालेल ते) बदला: आधी ८ कोअर, मग १६. शेजारचे दोन क्रमांक, ० आणि १, एकाच कोअरचे असतात, म्हणून जोडीने निवडा. तीच फाइल, तेच काम, घड्याळ लावून. ८ वरून १६ वर वेळ निम्म्याच्या आसपास आला तर जास्त कोअरचा विचार करा. पाचव्या हिश्श्यानेच कमी झाला तर ६४ घेऊन फारसं काही मिळणार नाही.

त्रिमिती
चाचणी ठीक आहे. फक्त रेंडरची फाइल खरी घ्या, डेमोची नको. छोटा सीन तयारीतच वेळ घालवतो आणि निकाल तुमच्या बाजूने लागतो.

जुळणीवाला
आणि चाचणी दुपारी तीनला घ्या, एसी बंद ठेवून. सकाळी सातचे आकडे इथे मांडू नका.