नालेसफाईच्या पलीकडचा पूर
नालेसफाई मेअखेर उरकली की कोल्हापूर पुरापासून वाचेल, असं काहीजण म्हणतात. ती हवीच, पण २०१९ आणि २०२१ चे पूर नाल्यांचे नव्हते, पंचगंगा नदीचे होते. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित, धरण भरलं की आपोआप उघडतात आणि ते पाणी पंचगंगेत येतं. त्यात कृष्णा फुगलेली असेल तर नरसोबावाडीच्या संगमावर पंचगंगेचं पाणी तुंबतं. म्हणून कोयना, वारणा आणि कर्नाटकातलं अलमट्टी या धरणांत जुलै-ऑगस्टमध्ये किती पाणी ठेवायचं, किती सोडायचं हे दोन्ही राज्यांनी एकत्र बसून ठरवणं मला जास्त गरजेचं वाटतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. महापालिकेने ३९ ची वाट न बघता सखल भागातल्या सुतारवाड्यातली म्हातारी माणसं, जनावरं दिवसाउजेडी हलवावीत. रात्री पाण्यातून माणसं काढणं जिवावरचं काम आहे.