कोल्ड स्टोरेजसाठी सॉफ्टवेअर बनवून घ्यायचंय, कोटेशनमध्ये एवढा फरक का?

तासगावकर_बेदाणा
नमस्कार मंडळी. आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, आवक-जावक रजिस्टरला, भाडं एक्सेलमध्ये आणि शेवटी सगळं टॅलीत. लॉटप्रमाणे स्टॉक, भाडं, हमाली, बँकेच्या तारणातला माल चुकून सुटू नये आणि शेतकऱ्याला मेसेज जावा, एवढंच पाहिजे. एकाने दीड लाख सांगितले, दुसऱ्याने साडेपाच, पुण्यातल्या एका कंपनीने अकरा, वर जीएसटी वेगळा. बजेट नक्की किती धरू?

कोडवाला_सांगली
दादा, तिघांनी तीन वेगळी सॉफ्टवेअरं डोक्यात धरलीत. किंमत म्हणजे मुख्यतः किती माणसं किती महिने बसणार तेच असतं. आता तुमचं भाडंच घ्या, महिना अर्धा झाला तर पूर्ण धरायचा का, लॉटमधले निम्मे बॉक्स उचलले तर उरलेल्याचं काय, माल आतच राहिला पण सौदा होऊन व्यापाऱ्याच्या नावावर गेला तर त्या तारखेपासून भाडं कुणाकडे लावायचं. असा प्रत्येक नियम म्हणजे कोड आला, टेस्टिंग आलं. दीड लाखवाल्याने यातलं काही विचारलं का? नसेल तर ते पुढे 'चेंज रिक्वेस्ट' म्हणून बिलात येणार. माझं ऐका, आधी थोडे पैसे देऊन फक्त हे नियम आणि स्क्रीनची कच्ची चित्रं कागदावर करून घ्या, तोच कागद तिघांना द्या आणि मग आकडे बघा.

हिशोबनीस
जीएसटी 18 टक्के आहे. तुमच्या भाड्यावर जीएसटी लागतो का ते सीएला आधी विचारा, भाडं करमुक्त धरलं जात असेल तर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळणार नाही, म्हणजे हे 18 टक्के सरळ खर्चात. शिवाय दरवर्षीची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, साधारण किमतीच्या 15 ते 20 टक्के मागतात, त्यात सर्व्हर धरलाय का वेगळा ते लिहून घ्या. एसएमएसला डीएलटी रजिस्ट्रेशन (व्यावसायिक मेसेज पाठवणाऱ्याची टेलिकॉम कंपनीकडची नोंदणी) लागतं, तो खर्चही कोटेशनमध्ये बहुतेक नसतो.

तासगावकर_बेदाणा
आणि सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ कोड? पैसे आपण दिले म्हणजे तो आपलाच ना?

कोडवाला_सांगली
नाही! बाहेरच्याकडून करून घेतलं की 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क सहसा बनवणाऱ्याकडेच राहतो, सही केलेली लेखी असाइनमेंट (हक्क तुमच्या नावावर करून देणारा कागद) लागते आणि त्यात मुदत लिहिली नाही तर 5 वर्षंच धरतात. डोमेन आणि सर्व्हरचं खातं तुमच्याच नावावर, तुमच्याच मोबाइल नंबरवर काढा.
पैसे एकदम देऊ नका. पहिल्या टप्प्यात फक्त आवक-जावक, भाडं आणि तारणाचं लॉक घ्या, मेसेज नंतर. एकूण बजेटपैकी पाव भाग बदलांसाठी बाजूला ठेवा, ते लागतातच. आणि नव्या मालाची गर्दी सुरू व्हायच्या आत जुनी शिल्लक भरून रजिस्टरशी ताळा जुळला पाहिजे, तो जुळल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.