खारघरचा गोल्फ कोर्स ओपनस्ट्रीटमॅपवर नीट कसा काढायचा?

खारघरकर: मी सेंट्रल पार्कजवळ राहतो. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही सुधारता येणाऱ्या खुल्या नकाशावर, खारघर व्हॅली गोल्फ कोर्स सुधारायला घेतलाय. हद्दीला 'लेझर=गोल्फ_कोर्स' (leisure=golf_course) हा टॅग, म्हणजे ती जागा काय आहे ते सांगणारी नोंद, दिला, पण आत शिरल्यावर अडकलो. उन्हाळ्यातल्या सॅटेलाइट चित्रात फेअरवे (नीट कापलेल्या गवताचा पट्टा) आणि रफ (बाजूचं वाढलेलं गवत) दोन्ही पिवळट, कड कुठे संपते तेच कळत नाही. आणि डोंगरावरून पावसाळ्यात उतरणारा ओढा? एप्रिलात तिथे नुसते गोटे असतात.

बेलापूरचा नकाशावाला: कडेचा घोळ राहू दे, आधी प्रत्येक होलची, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या खेळाच्या टप्प्याची, रेष काढ. टीपासून (पहिला फटका मारायची जागा) सुरू, फेअरवेच्या मधून, ग्रीनवर (भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) शेवट. टॅग 'गोल्फ=होल', क्रमांक 'रेफ'मध्ये, सोबत 'पार' (त्या होलसाठी अपेक्षित फटके). उलटी काढलीस तर खेळायची दिशाच चुकते. मग टी, ग्रीन, बंकर (वाळूचे खड्डे) वेगवेगळे; बंकरला 'नॅचरल=सँड'ही लाव. ग्रीनवरचं भोक जेमतेम १०८ मिलिमीटरचं आणि जागा बदलत राहणारं, त्यासाठी जीव काढू नकोस.

ठाणेकर: ओढ्याला 'वॉटरवे=स्ट्रीम' आणि 'इंटरमिटंट=येस'. डोंगराजवळ सॅटेलाइट चित्र काही मीटर सरकलेलं असू शकतं. आजूबाजूच्या रस्त्यांचे जीपीएस ट्रेस (लोकांनी फिरताना नोंदवलेले मार्ग) उघडून आधी जुळवून घ्या. गूगल मॅप्सवरून काही उतरवू नका, परवान्यात बसत नाही.

खारघरकर: जुळवून पाहिलं, माझी अख्खी हद्दच पूर्वेला सरकली होती! आज रात्री दुरुस्त करतो. फेअरवेच्या कडा पावसाळ्यानंतरचं हिरवं चित्र मिळालं की काढेन, अंदाजाने नाही.