१९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी : निबंधासाठी संदर्भ शोधायचे कसे?

कलाशाखा_दुसरंवर्ष :
‘१९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना कशी घडली’ यावर दोन हजार शब्दांचा निबंध लिहायचा आहे. गूगलवर ‘महाराष्ट्र दुष्काळ’ टाकलं की यंदाच्या पाणीटंचाईच्या बातम्या येतात, ‘रोजगार हमी’ टाकलं की मनरेगाची जॉबकार्डं. नेमकं काय टाइप करू?

संदर्भकक्ष :
निबंधाचं शीर्षक जसंच्या तसं शोधू नका, त्या काळातले शब्द शोधा. ‘सुकडी’ (दुष्काळी कामांवर मिळणारा पूरक आहार), ‘मिलो’ (तेव्हा परदेशातून आणलेली ज्वारी), ‘खडी फोडणे’, ‘पाझर तलाव’ यांपैकी एक शब्द आणि सोबत १९७२ टाका. आठवणी आणि जुन्या घटनांवरचे लेख यातूनच वर येतात. दुसऱ्या फेरीत माणूस आणि कायदा घ्या : योजनेचे जनक ‘वि. स. पागे’, ‘रोजगार हमी अधिनियम १९७७’.

अवतरणचिन्हांत फक्त "रोजगार हमी" ठेवा, ‘योजना’ बाहेर. लेखांत ‘योजनेचा’, ‘योजनेत’, ‘योजनेमुळे’ अशी रूपं असतात. अवतरणात ‘योजना’ घातलंत की ते लेख गळतात. ‘दुष्काळ’, ‘दुष्काळात’ यांचंही तेच.

मनरेगा वगळायला शेवटी -मनरेगा लिहा. उणे चिन्हाच्या आधी जागा हवी, नंतर नको. हे पहिल्या चाळणीपुरतंच करा, कारण चांगले अभ्यासलेख शेवटी मनरेगाशी तुलना करतात आणि तेही उडतात.

जुनी_कात्रणं :
वरच्याला जोड. जुन्या मराठी पीडीएफ बऱ्याचदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात किंवा नुसत्या स्कॅन केलेल्या प्रती असतात. डोळ्यांना मराठी दिसते, शोधयंत्राला त्यातला शब्द सापडत नाही. म्हणून ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘लिहिलेलंच नाही’ असं धरू नका. अनुक्रमणिका उघडून पानं चाळा.

अभ्यासकांचं बरंचसं लेखन इंग्रजीत आहे, तेव्हा गूगल स्कॉलरवर योजनेचं पूर्ण इंग्रजी नाव (एम्प्लॉयमेंट गॅरंटी स्कीम) अवतरणात आणि बाहेर महाराष्ट्र, दोन्ही रोमन लिपीत टाका. नुसती आद्याक्षरं टाकलीत तर भलत्याच विषयांचे लेख येतील. एक चांगला लेख मिळाला की नवीन शोध थांबवा आणि त्याखालच्या ‘साइटेड बाय’वर, म्हणजे त्या लेखाचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या लेखांच्या यादीवर, जा. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेज यांचं दुष्काळ निवारणावरचं लेखन या कामाला उत्तम सुरुवात आहे. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंध प्रकरणवार असतात. सगळा उतरवून घेण्याआधी पूर्वसंशोधनाचा आढावा आणि संदर्भसूची एवढ्याच फाइली पाहा. महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना एन-लिस्टचं (महाविद्यालयांसाठीच्या ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकांच्या सेवेचं) लॉगिनही मागून घ्या.

कलाशाखा_दुसरंवर्ष :
धन्यवाद! पण योजना कधी सुरू झाली याची चार ठिकाणी चार वर्षं मिळतात. कुठलं खरं?

संदर्भकक्ष :
ते वेगवेगळे टप्पे आहेत. पागे यांचा तासगावचा (जि. सांगली) प्रयोग १९६५ चा, राज्यभर योजना १९७२ पासून, कायदा १९७७ चा आणि त्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासून. वर्षाशेजारी नेहमी टप्प्याचं नाव लिहा.

आणि तासगावचं साल पाहा : ते दुष्काळाच्या आधीचं आहे. मग योजना ‘दुष्काळातून घडली’ की आधीची कल्पना दुष्काळाने राज्यभर नेली, हाच तुमच्या निबंधाचा गाभा होऊ शकतो. पुढचा शोध ‘तासगाव’, ‘पागे’ आणि ‘१९६५’ हे तीन शब्द एकत्र घेऊन करा.